बेदाणा सुकतो तिथे पॅड चालतो

तासगाव, कवठेमहांकाळ आणि जत या पट्ट्यात फेब्रुवारी ते एप्रिल हा बेदाण्याचा हंगाम. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षे शेडमधल्या जाळ्यांवर पसरली, की साधारण दोन आठवड्यांत त्यांचा बेदाणा होतो. हवा कोरडी असते आणि मिळेल तिथून पाणी ओढून घेते. मार्चमध्ये आभाळ आले, की सुकण्याचे दिवस लांबतात आणि मालाचा रंग जातो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात द्राक्षाइतकाच या हवेचाही वाटा आहे.

पॉलिहाऊस पाण्याने थंड करण्याचे काम याच हवेवर अवलंबून असते. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते आणि हवा गार होते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. पण हवेत वाफ सामावायला जागा हवी. ती जागा नसेल, तर हवा ज्यातून आत येते ते भिंतीतले पॅड कितीही भिजवा, पाणी फवारणारे फॉगर कितीही चालवा, तापमान हलत नाही. म्हणून 'दमट हवामानात पॉलिहाऊस थंड कसे करायचे' हा प्रश्न जगभर अवघड मानला जातो.

सातारा आणि सांगलीत तो विचारला जातो तेव्हा मात्र त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. ते आधी सुटे करायला हवेत.

दोन जिल्हे, तीन हवा

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. एवढ्या थोड्या अंतरात इतका फरक असलेले जिल्हे महाराष्ट्रात कमीच.

पहिला पट्टा सह्याद्रीच्या माथ्याचा: महाबळेश्वर, पाचगणी, जावळी, पाटणचा पश्चिम भाग, शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग. इथे मे महिन्यातही दुपार सोसवते. पॉलिहाऊसचे इथले काम पिकावर पाऊस पडू न देणे आणि पान कोरडे ठेवणे. दुसरा पट्टा कृष्णेच्या खोऱ्याचा: वाई, सातारा, कराड, वाळवा, पलूस, मिरज. इथे कालवे आहेत, नदी आहे आणि नजर जाईल तिथवर ऊस आहे. एप्रिल-मेची दुपार कडक, पण उसाच्या फडांनी वेढलेल्या शिवारातली हवा माळावरच्या हवेइतकी कोरडी नसते. तिसरा पट्टा पूर्वेचा: माण, खटाव, आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, जत. बेदाणा इथला आणि पाण्याची ओढही इथलीच.

एकाच कंपनीचा, एकाच मापाचा, एकाच आराखड्याचा सांगाडा या तिन्ही पट्ट्यांत उभा राहतो, तिथून घोळाला सुरुवात होते.

हवेत जागा किती, हे कसे कळते

यासाठी दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळायचे, दुसरा कोरडा ठेवायचा. ओल्या तापमापकाचा आकडा म्हणजे पाण्याच्या जोरावर हवा जास्तीत जास्त जिथवर उतरू शकते ती पायरी. चांगला सेल्युलोज पॅड कोरड्या आणि ओल्या आकड्यांतल्या फरकाच्या साधारण ८० टक्के मजल मारतो.

सांगलीतली एप्रिलची दुपार घ्या. तापमान ३९ अंश, आर्द्रता २० टक्के. ओला तापमापक २२ अंशांच्या आसपास असेल. फरक १७ अंशांचा, म्हणजे पॅडमधून आत येणारी हवा २५-२६ अंशांची. आता ऑगस्टमधला साताऱ्याचा पावसाळी दिवस घ्या. तापमान २७ अंश, आर्द्रता ८५ टक्के. ओला तापमापक २५ वर. फरक दोन अंशांचा, पॅडची कमाई जेमतेम दीड अंश. ऑक्टोबरच्या उकाड्यात ३३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर फरक आठ अंशांचा आणि कमाई साडेसहाची.

आकडे शेजारी ठेवले, की एक गोष्ट दिसते. ऑगस्टमध्ये पॅड चालत नाही हे खरे, पण ऑगस्टमध्ये बाहेर २७ अंशच असतात. जरबेराला किंवा रंगीत ढोबळीला या तापमानाचा जाच नाही. ज्या दिवसांत पॅड निकामी ठरतो, त्या दिवसांत त्याची गरजही नसते. कोकणात असे नाही. रत्नागिरीला मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता एकत्र येतात. उकाडा पुरेपूर आणि पॅडला जेमतेम साडेतीन-पावणेचार अंश. दमट हवामानातल्या शीतकरणाचा खरा पेच तिथे आहे.

घाटमाथ्याच्या पूर्वेला उष्णता आणि दमटपणा एकत्र येण्याचे दिवस मोजके असतात: वळीव सुरू झाल्यापासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंतचे आणि पाऊस सरल्यावर ऊन तापते तेव्हाचे. बाकीच्या वर्षात उन्हाळ्याची कोरडी उष्णता आणि पावसाळ्याचा थंड दमटपणा हे दोन वेगवेगळे आजार आहेत. दोन्हींना एकच औषध लागू पडत नाही.

उन्हाचा हिशेब

भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊन पडते. २०० मायक्रॉनच्या प्लॅस्टिक कागदातून त्यातले साठ-सत्तर टक्के आत येते. दहा गुंठ्यांच्या, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरच्या पॉलिहाऊसमध्ये ही उष्णता ६०० किलोवॉट भरते. ती काढायला दीड टनाचे शंभरहून अधिक एसी लागतील. म्हणूनच पॉलिहाऊस यंत्राने गार करण्याचा विचार शेतकऱ्याला परवडत नाही.

ही उष्णता घालवण्याचे मार्ग चारच: ती आत येऊ न देणे, आलेली वाऱ्याने बाहेर काढणे, पिकाच्या पानांतून वाफ होण्यात ती खर्च होऊ देणे आणि वरून पाणी घालून वाफ करणे. भरगच्च वाढलेले, पाण्याची ददात नसलेले पीक आत आलेल्या उष्णतेतला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा एकटे उचलते. नव्या लागवडीच्या रिकाम्या पॉलिहाऊसमध्ये उकाडा जास्त वाटतो, त्याचे मोठे कारण हेच. एप्रिलमध्ये लागवड करून पहिल्याच महिन्यात रोपे करपवून घेण्यापेक्षा लागवडीची तारीख हलवणे स्वस्त पडते.

फॅन-पॅड: जमेची आणि खर्चाची बाजू

फॅन-पॅडमध्ये एका भिंतीला ओले पॅड आणि समोरच्या भिंतीला हवा ओढणारे मोठे पंखे असतात. बाकी घर बंद. दहा गुंठ्यांना सेकंदाला सुमारे ४० घनमीटर हवा लागते. १०० मिलिमीटर जाडीच्या पॅडमधून हवेचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास ठेवायचा, तर पॅडचे क्षेत्र ३२ चौरस मीटर हवे. पॅड पश्चिमेला आणि पंखे पूर्वेला असले, तर पश्चिमेचा वारा पंख्यांच्या विरोधात जात नाही. पॅड आणि पंखे यांच्यात ३०-४० मीटरच अंतर ठेवावे, कारण हवा घरातून जाताना तापत जाते. पीक लहान असेल आणि सावली नसेल, तर दोन टोकांत सहा-सात अंशांचा फरक सहज पडतो. पॅडजवळचा जरबेरा आणि पंख्याजवळचा जरबेरा मग दोन वेगळ्या गावांत वाढल्यासारखे वागतात.

बेदाण्याच्या पट्ट्यात पॅड उत्तम चालतो, यात शंका नाही. तिथला खरा प्रश्न पाण्याचा. एप्रिलच्या त्या दुपारी दहा गुंठ्यांच्या घरात तासाला जवळपास ९०० लिटर पाण्याची वाफ होते. दिवसाचे सहा-सात तास धरले तर साडेपाच-सहा हजार लिटर. त्याच घरातल्या पिकाला ड्रिपने उन्हाळ्यात दिवसाला दोन ते चार हजार लिटर पुरते. म्हणजे हवा पिकापेक्षा जास्त पाणी पिते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी पंपाने उपसून, वीजबिल भरून पूर्वेकडे येते. एप्रिल-मेमध्ये आवर्तन कधी मिळेल, यावर तिथली सगळी शेती टांगलेली असते. जिथे हवा तहानलेली आहे तिथे विहीरही तहानलेली, आणि जिथे नदी भरलेली आहे तिथे हवाही भरलेली. या दोन जिल्ह्यांतले सारे कोडे या विसंगतीत आहे.

दुसरा प्रश्न क्षारांचा. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरमागे एक ग्रॅम क्षार असतील, तर रोज सहा हजार लिटर वाफेमागे सहा किलो क्षार पॅडमध्ये आणि टाकीत उरतात. फिरणाऱ्या पाण्याचा काही भाग सतत काढून टाकला नाही, तर दोन हंगामांतच पॅडवर पांढरा थर बसतो, छिद्रे बुजतात आणि हवा अडते. मिरज-वाळव्याकडे अतिपाण्याने जमिनी खारवटल्या आहेत, त्यामुळे नदीकाठी असूनही विहिरीचे पाणी तपासल्याशिवाय पॅडला लावू नये. शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी या कामाला सर्वांत चांगले.

तिसरा प्रश्न विजेचा. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. पंख्यांवर चालणारे घर सगळीकडून बंद असते. भर दुपारी वीज गेली, तर काही मिनिटांत आत ४५ अंशांच्या वर पारा जातो. मग जनरेटर हवा, त्याला डिझेल हवे आणि ते सुरू करायला माणूस हवा. दिवसा सौर वीज देण्याची योजना २०१७ पासून राबवली जात आहे. जिथे तिची वीज भरवशाने पोहोचेल, तिथे हा हिशेब बदलेल.

चौथा प्रश्न पैशांचा. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मापदंडांत ५०० ते १,००८ चौरस मीटरच्या नैसर्गिक वायुविजनाच्या पॉलिहाऊससाठी चौरस मीटरला ९३५ रुपये धरले होते आणि फॅन-पॅडसाठी १,४६५. दहा गुंठ्यांवर फरक पाच लाखांहून अधिक. अनुदान निम्मे, पण वीज, पॅड बदलणे आणि डिझेल यांना अनुदान नाही. १९९१ नंतर पुण्याभोवती निर्यातीसाठी उभे राहिलेले नियंत्रित हवामानाचे पुष्पप्रकल्प बरेचसे अडचणीत आले. नंतर तळेगाव दाभाडेच्या प्रशिक्षण केंद्रातून शिकून छोट्या शेतकऱ्यांनी दहा-वीस गुंठ्यांत फुले आणि ढोबळी काढली, ती प्रामुख्याने पंखे नसलेल्या घरांत. आपल्याकडचा अनुभव असा पंखे नसलेल्या घरांच्या बाजूने झुकलेला आहे.

फॉगर: सगळ्यांकडे असणारा, चुकीने वापरला जाणारा

सातारा-सांगलीच्या बहुतेक पॉलिहाऊसमध्ये शीतकरण म्हणजे फोर-वे फॉगर. चार किलो दाबावर त्याच्या एका तोटीतून तासाला सात-आठ लिटर पाणी फवारले जाते. त्याचे थेंब तसे मोठे असतात. कोरड्या हवेत ते पानावर पोहोचण्याआधी बरेचसे विरून जातात, दमट हवेत मात्र पानावर बसतात. साठ-सत्तर किलो दाबाच्या यंत्रणेत थेंब दहा-वीस मायक्रॉनचा असतो आणि तो हवेतच विरतो, पण त्याला महागडा पंप आणि अत्यंत स्वच्छ पाणी लागते. तोट्या तुंबल्या, की सगळी यंत्रणा ठप्प.

खरी चूक चालवण्यात होते. फॉगर टायमरवर लावलेला असतो: दर काही मिनिटांनी तीस सेकंद. एप्रिलमध्ये ठरवलेला हा ठेका जूनच्या ढगाळ दुपारीही तसाच चालू राहतो. मग पान ओले, हवा बंद, आणि जरबेराच्या फुलावर बोट्रायटिसचा, गुलाबावर डाऊनीचा रोग. उलट, मार्चमध्ये पाणी वाचवायला फॉगर बंद ठेवला, तर कोरड्या हवेत लाल कोळी आणि फुलकिडे जोर धरतात. फॉगरचे बटण घड्याळाने दाबायचे नसते, ते हवेतल्या आर्द्रतेने दाबायचे असते. व्हीपीडी, म्हणजे हवा पानातून किती जोराने पाणी ओढते ते मोजणारा आकडा, साधारण अर्धा ते सव्वा किलोपास्कल यांच्यात असला, की पीक सुखात असते. एप्रिलच्या त्या दुपारी बाहेर तो साडेपाचच्या आसपास असतो. पावसाळ्यात तो अर्ध्याच्याही खाली जातो, तेव्हा पान पाणीच सोडत नाही आणि पाण्याबरोबर वर जाणारे कॅल्शियमही अडते. अशा वेळी फॉगर चालवणे म्हणजे रोगाला पाहुणचार.

सावली आणि वारा: स्वस्त आणि आधी

एप्रिलच्या आरंभी पॉलिहाऊसवर चुना मारला, तर आत येणारे ऊन बरेच घटते. पॅड आणि पंख्यांच्या टोकांतला वर सांगितलेला सहा-सात अंशांचा फरक तीन-चारवर येतो. पॅडने मिळणारा गारवा जिथे टिकत नाही, तिथे तो टिकवण्याचे काम हा चुना करतो. पावसाने तो धुऊन जातो आणि ते बरेच आहे, कारण जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत पिकाला प्रकाशच कमी पडतो. न निघालेला चुना त्या वेळी हाताने धुवावा लागतो. आत ओढता येणारी शेडनेट किंवा ॲल्युमिनियमची जाळी असेल तर अधिक सोयीचे: दुपारी पसरायची, सकाळ-संध्याकाळ गोळा करायची. कायमची ताणून ठेवलेली शेडनेट मात्र हिवाळ्यात आणि पावसाळ्यात उत्पादन खाते.

स्पेनमधल्या अल्मेरिया प्रांतात सुमारे तीस हजार हेक्टर पॉलिहाऊस आहेत. तिथला मुख्य उन्हाळी उपाय खडूची पांढरी फवारणी आणि उघडझाप होणाऱ्या खिडक्या हाच आहे. यंत्रांच्या मागे न लागता युरोपचा भाजीपाला पिकवणारा हा प्रदेश आपल्याला डच काचघरांपेक्षा जवळचा आहे.

वारा हा दुसरा स्वस्त उपाय, आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. बाजूचे पडदे आणि छतावरची फट मिळून जमिनीच्या क्षेत्राच्या वीस-तीस टक्के उघडे असावे. त्यावर पन्नास मेशची कीडरोधक जाळी लावली, की वारा निम्म्याहून जास्त अडतो. मग जाळीचे क्षेत्र तेवढे वाढवायला हवे, पण ते कोणी वाढवत नाही. शेजारी उंच ऊस असेल तर बाजूचे पडदे उघडून उपयोग नाही, हवा छतातूनच जायला हवी. छत जितके उंच, तितकी गरम हवा पिकापासून वर राहते. मात्र वळवाच्या वादळात उंच घरालाच मार बसतो, म्हणून सांगाड्याच्या पायाशी आणि कागदाच्या पकडीशी तडजोड करून चालत नाही.

दमट महिन्यांत काय

दमट प्रदेशांनी यावर जगभर जे मार्ग काढले, ते पाहण्यासारखे आहेत. मलेशियाच्या कॅमेरॉन हायलँड्समध्ये, महाबळेश्वरइतक्या उंचीवर, भाजी आणि फुले बाजूंनी उघड्या छपरांखाली पिकतात. केरळातही असे रेन शेल्टर गावोगाव पोहोचले. तैवानमधल्या वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरने छपराला वांग्याच्या खुंटावर कलम केलेल्या टोमॅटोची जोड दिली. म्हणजे हवा बदलण्याऐवजी झाड बदलले. या सगळ्यांत सार एकच: पाऊस अडवा, वारा अडवू नका. महाबळेश्वर-पाटण पट्ट्यात हेच लागू पडते. वाईकडच्या स्ट्रॉबेरी रोपवाटिकांना आणि सांगलीच्या उसाच्या रोपवाटिकांनाही पावसाळ्यात याच तत्त्वाची गरज असते.

तंत्रज्ञांनी दुसरी दिशाही शोधली. हवेतली वाफ आधी क्षारांच्या द्रावणात शोषून घ्यायची, हवा कोरडी करायची आणि मग तिला पॅडमधून सोडायची. ब्रिटनमधले अभियंते फिलिप डेव्हिस यांनी २००५ मध्ये आखाती हवामानासाठी असा सौरऊर्जेवरचा आराखडा मांडला. त्यांच्या गणिताप्रमाणे साध्या पॅडपेक्षा सुमारे पाच अंशांचा जादा गारवा मिळू शकतो. कल्पना देखणी आहे, पण शोषलेले पाणी पुन्हा उडवायला द्रावण तापवावे लागते आणि त्याला भरपूर ऊन लागते. आपल्याकडे हवा दमट असते तेव्हा ऊन नसते. समुद्राच्या पाण्यावर चालणारी हरितगृहे १९९० च्या दशकात तेनेरिफेत आणि नंतर अबुधाबी, ओमानमध्ये उभी राहिली. तीही कोरड्या किनाऱ्यांसाठी. हवेत वाफ न मिसळता ती गार करणारे अप्रत्यक्ष पॅडही निघाले आहेत, पण २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या वर असतो. हवा आधी कोरडी केल्याशिवाय पाण्याच्या वाफेवर चालणारी कोणतीही युक्ती त्याखाली जाऊ शकत नाही.

तेव्हा जून ते सप्टेंबर या दोन जिल्ह्यांत काम एकच: घर कोरडे ठेवणे. सकाळी लवकर पडदे उघडून रात्रीची ओल बाहेर काढणे, कागदावरून ठिबकणारे दव पानावर पडू न देणे, ड्रिपचे पाणी संध्याकाळी न देणे, जुनी पाने काढून झाडात वारा खेळता ठेवणे. पंखे असतील तर पॅडचे पाणी बंद करून नुसते पंखे चालवावेत. फॅन-पॅड घराचा पावसाळ्यातला सगळ्यात चांगला उपयोग पाणी न घालता होतो, आणि तो फार थोडे लोक करतात.

निवाडा

सगळे पाहता क्रम स्पष्ट आहे. आधी सावली, मग वारा, मग भरगच्च पीक, त्यानंतर फॉगर, आणि सर्वांत शेवटी फॅन-पॅड. माथ्यावरच्या पट्ट्यात फॅन-पॅडची गरज नाही. कृष्णाकाठी तो वर्षातले दोन-अडीच महिने उपयोगी पडेल, तेवढ्यासाठी पाच लाखांचा जादा खर्च उच्च दराच्या फुलांना किंवा रोपवाटिकेलाच झेपेल. पूर्वेच्या पट्ट्यात तो तांत्रिकदृष्ट्या सर्वांत चांगला चालेल, पण शेततळ्यातले गोडे पाणी आणि दिवसाची खात्रीची वीज हाती असेल तरच. अनुदानाच्या अर्जात पीक आणि क्षेत्र विचारतात, तशीच त्या गावातली दुपारची आर्द्रता आणि पाण्याचा क्षार विचारायला हवा. एकाच मापाचा आराखडा महाबळेश्वरला आणि जतला मंजूर होणे थांबले पाहिजे.

पॅडची ऑर्डर देण्याआधी शेतकऱ्याने शेतात सावलीत दोन तापमापक टांगावेत, एक कोरडा, एक ओल्या फडक्याचा, आणि वर्षभर दुपारी दोन वाजता दोन्ही आकडे वहीत लिहावेत. उकाड्याच्या दिवसांत दोन्हींतला फरक दहा अंशांच्या वर राहत असेल आणि पाणी गोडे असेल, तर पॅडचा विचार करावा. फरक पाचच्या खाली असेल, तर ते पैसे उंच छतावर, मोठ्या फटीवर आणि चांगल्या कागदावर खर्च करावेत.